‘गॅसच असेल’ म्हणण्याआधी

‘काही नाही गं, गॅस झालाय.’ हळदीकुंकवाला, भिशीला, एसटी स्टँडवर, कुठेही चार बायका जमल्या की हे वाक्य कानावर पडतंच. मग कुणी ओवा सुचवतं, कुणी हिंगाचं पाणी, तर कुणी पर्समधली पित्ताची गोळी काढून देतं. एखाद्या दिवसाच्या तक्रारीला हे ठीकच आहे. पण जेवण झालं की पोट फुगतं, साडी सैल करावी लागते, कधी जुलाब तर कधी कुंथणं, आणि हे सगळं महिनोन्‌महिने चालू! त्यालाही आपण ‘गॅस’च म्हणायचं का? मला ते मुळीच पटत नाही.

या त्रासाचं एक कारण लहान आतड्यात सापडू शकतं. जंतूंची मोठी वस्ती असते ती मोठ्या आतड्यात, आणि तिथे ती हवीच. सुमारे वीस फूट लांबीच्या लहान आतड्यात मात्र जंतू फार थोडे असतात. जठरातलं आम्ल बरेचसे जंतू मारतं आणि पोट रिकामं असताना साधारण दीड-दोन तासांनी आतड्यात एक लाट उठून उरलंसुरलं पुढे ढकलते. घरातला केर काढावा, तसंच हे. ही झाडलोट मंदावली की जंतू तिथेच बस्तान मांडतात. आपण खाल्लेलं आपल्याआधी तेच खातात, त्याचा वायू होतो आणि पोट फुगतं. ते बी-१२ जीवनसत्त्वही पळवतात. शाकाहारी घरातल्या बाईला ते आधीच कमी मिळतं, मग थकवा आणि हातापायाला मुंग्या. आपण मात्र म्हणतो, ‘वय झालं!’

जुना मधुमेह, मंदावलेलं थायरॉईड, पोटाच्या ऑपरेशननंतर चिकटलेली आतडी, आतड्याचा क्षय अशी यामागची कारणं असू शकतात. आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानेही हा धोका वाढू शकतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी मनानेच बंद करू नका. पण ‘ही अजून किती दिवस घ्यायची?’ एवढं तर विचाराल?

‘तू फार विचार करतेस, म्हणून पोट बिघडतं,’ हे उत्तर आपल्या ओळखीचं आहे. एकेकाळी अल्सरच्या रोग्यांनाही असंच सांगितलं जाई. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागे जंतू असल्याचं दाखवलं, तेव्हा फारसं कुणी ऐकेना. शेवटी १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जंतू स्वतःच पिऊन पाहिले! २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. सगळा दोष मनावर ढकलला की शोध थांबतो, तो असा.

म्हणून प्रत्येक फुगलेल्या पोटात जंतूच वाढलेत, असं नाही हं. यासाठी श्वासाची तपासणी असते. साखरेचं द्रावण पाजून श्वासातला हायड्रोजन मोजतात. ती मोठ्या शहरात होते आणि अगदी अचूकही नसते. पण हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड, साखर या तपासण्या तर तालुक्यालाही होतात. कुठून तरी वाचून गहू, कांदा, दूध सगळंच सोडणं किंवा मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाणं, हे मात्र नकोच.

आणि एक गोष्ट गांभीर्याने सांगते. वजन घटतंय, शौचातून रक्त पडतंय किंवा ती डांबरासारखी काळी होतेय, तर थांबू नका. पन्नाशीच्या आसपास पोट नव्यानेच सतत फुगायला लागलं, चार घास खाताच भरल्यासारखं वाटू लागलं, तर अंडाशयाची तपासणीही करून घ्या. तिथला कर्करोग सुरुवातीला ‘गॅस’चंच सोंग घेऊन येऊ शकतो.

दुधाच्या हिशेबाची वही आपण चोख ठेवतो ना? तिच्याच मागच्या पानावर पंधरा दिवस लिहा : काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी झाला, कोणती गोळी घेतली. ते पान डॉक्टरांसमोर ठेवा. ‘थोडंसं दुखतं’ असं पुटपुटण्यापेक्षा त्या पानाचा डॉक्टरांना जास्त उपयोग होईल. घरातल्या प्रत्येकाच्या पोटाची काळजी वाहणाऱ्या बाईने स्वतःच्या पोटासाठी एवढं केलं, तर ते काही लाड नव्हेत!