गोधडीचं वेड
घरात कुणाचं सुती कापड विरलं की शेजारच्या काकूंना आनंद होतो. शर्टाची बटणं डब्यात, कापड गाठोड्यात. गोधडीच्या आत जुनी धोतरं, वर नऊवारी. आधी लांब कच्चे टाके घालून थर पक्के करायचे, मग कडेपासून आत आत धावदोरा, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. लेकीच्या परकराचा हिरवा तुकडा कुठे बसवायचा, या विचारात एखादी आमटी करपते, चालायचंच. पॉलिएस्टरला मात्र त्या हात लावत नाहीत. घाम टिपत नाही आणि सुईखाली सरकतं, हे त्यांचं म्हणणं मला सोळा आणे पटतं. तुमच्याकडे आजीचं लुगडं पडून असेल, तर बोहारणीला देऊ नका. भांडं काय, दुकानातही मिळतं.