ताईचे साडेचारशे प्रश्न आणि आपलं 'ट्राय करून बघ'

परवा शनिवारी सकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण, सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. घराण्यातला एकुलता एक कॉम्प्युटरवाला मीच, त्यामुळे प्रिंटर अडला तरी फोन मलाच.

"अरे, ती चाचणीची साइट उघडतच नाहीये. माझे प्रश्न कुठे गेले?"

चेक केलं. साइट बंद झालेली. आधी इंग्रजीत दोन ईमेल येऊन गेल्या होत्या, ताईने जाहिरात समजून उडवल्या. २०२० च्या लॉकडाउनपासून रात्री ओटा आवरून झाल्यावर बसून तिने साडेचारशे प्रश्न टाईप केले होते. कुठल्या प्रश्नाला पोरं हमखास कुठे चुकतात ते हेरून चुकीचे पर्याय बनवले होते. सगळं गेलं.

आणि ती साइट तिला सुचवली कोणी? अस्मादिकांनी. "फुकट आहे गं, ट्राय करून बघ!"

तर आजचं भांडण आपल्याशीच आहे. आपल्याशी म्हणजे आयटीवाल्यांशी.

ऑफिसमध्ये कुठलंही नवं सॉफ्टवेअर घेताना आपण काय विचारतो? बॅकअप कसा होतो? उद्या हे सोडायचं झालं तर डेटा बाहेर कसा काढायचा? शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करायला सांगितलं तर आपल्याला घाम फुटतो. पण तेच आपण ओळखीतल्या शिक्षकाला 'बेस्ट दहा टूल्स'ची लिंक फॉरवर्ड करून मोकळे होतो. त्यांच्या मेहनतीला आपण प्रोडक्शन डेटा मानतच नाही, हे खरं दुखणं आहे.

बरं, हे ताईच्याच नशिबी आलं असंही नाही. शिक्षकांमध्ये लोकप्रिय असलेलं विकीस्पेसेस २०१८ मध्ये बंद झालं. २०२० च्या शेवटी फ्लॅश गेलं आणि त्यात बनवलेले असंख्य धडे ब्राउझरमध्ये चालेनासे झाले. एडमोडो २२ सप्टेंबर २०२२ ला बंद. मायक्रोसॉफ्टच्या फ्लिपची साइट आणि अ‍ॅप जुलै २०२४ मध्ये, गूगलचं जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ ला. जॅमबोर्डच्या फळ्यांच्या निदान पीडीएफ करून मिळाल्या, पण पीडीएफमधली आकृती सरकवून दाखवता येत नाही. म्हणजे कंपनी लहान असो की मोठी, फळा तिचा असतो, आणि तो ती कधीही उतरवू शकते.

इथे कोणी म्हणेल, "ईमेल वाचायला काय झालं होतं?" मान्य, वाचायला हवी होती. दुसरा म्हणेल, "वहीला काय वाळवी लागत नाही?" लागते की! पण वहीची झेरॉक्स काढता येते, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. तिसरा मुद्दा मात्र वजनदार आहे. शिक्षकाने शिकवायचं की फाइल फॉरमॅट बघत बसायचं? सोपं असेल तेच वापरलं जाणार. अगदी बरोबर! म्हणूनच फॉरमॅट बघणं हे शिफारस करणार्‍याचं काम आहे. म्हणजे आपलं.

दोनच प्रश्न विचारा. केलेलं काम दुसरीकडे उघडेल अशा फाइलमध्ये बाहेर काढता येतं का? आणि नेट गेलं तर वर्गात काय चालेल?

या परीक्षेत पास होणारी मंडळी आहेत. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेल्या फेटची सिम्युलेशन्स घ्या. डाउनलोड करून नेटशिवाय चालतात, बरीचशी मराठीतही आहेत. जिओजेब्रा तर फार बोलकं उदाहरण आहे. २०२१ मध्ये ते बायजूजने विकत घेतलं आणि २०२४ मध्ये बायजूजवरच दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. पण ज्या शिक्षकाने आपल्या आकृत्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर सेव्ह केल्यात, त्याची डेस्कटॉपवरची जिओजेब्रा या भानगडीमुळे बंद पडत नाही. ती फाइल म्हणजे एक झिप, आत साधं एक्सएमएल. मालक कोणीही होवो, उघडून वाचता येतं. प्रश्नसंचासाठी तर साधी एक्सेल शीटसुद्धा चालेल. किंवा मूडलचा गिफ्ट फॉरमॅट, जो नोटपॅडमध्येही लिहिता येतो. दिसायला भिकार, पण टिकाऊ.

रविवारी मी ताईकडे गेलो. पोरांना वाटलेल्या जुन्या प्रिंट तिने कपाटातून काढल्या, काही पोरांनी वह्यांत चिकटवलेल्या मागवल्या. ती वाचत होती, मी शीटमध्ये टाईप करत होतो. संध्याकाळपर्यंत एकसष्ट प्रश्न परत मिळाले. त्यातला एक वाचताना ती थांबली आणि म्हणाली, "याचा तिसरा पर्याय मी फार विचार करून घातला होता रे, आता आठवत नाही."

मला काही बोलता आलं नाही. चहा घेतला, शीटच्या दोन कॉप्या पेनड्राइव्हवर टाकल्या आणि निघालो.

असो. तुमच्याही घरात एखादी ताई, मावशी, काका शिक्षक असतीलच. या वीकेंडला पुढची लिंक पाठवण्याआधी त्यांना फोन करा आणि विचारा, "तुमचं काम कुठे कुठे ठेवलंय?" मग बसून ते बाहेर काढून द्या. तासाभराचं काम आहे. मी ते वेळेवर केलं नाही.