आयुर्मान वाढले, आपलेपणा का नाही?

फाळणीने समाजाची तब्येत बिघडते आणि एकीकरणाने ती आपोआप सुधारते, असे म्हणणारे हटकून जर्मनीचा दाखला देतात. दाखला खोटा नाही. एकीकरणाच्या, म्हणजे १९९० च्या सुमारास पूर्व जर्मनीतल्या पुरुषाचे आयुर्मान पश्चिम जर्मनीतल्यापेक्षा तीनेक वर्षांनी कमी होते. पुढच्या दोन-अडीच दशकांत बायकांच्या बाबतीत तर ही तफावत जवळजवळ मिटली. पण याचे श्रेय एकत्र येण्याला द्यायचे की पेन्शनला? पूर्वेतल्या म्हाताऱ्यांच्या हाती पश्चिमेच्या चलनातले मार्क पडू लागले, रुग्णालयांत नवी यंत्रे आली, बिटरफेल्डसारख्या कारखान्यांच्या धुराने कोंदलेल्या गावांची हवा निवळली. आणि मृत्युदर ठळकपणे घटला तो वृद्धांचाच. नुसत्या ऐक्याचा गुण असता, तर तो कामकरी वयातही दिसला असता.

पूर्वेत त्या वयात काय दिसले? रस्त्यावरचे अपघाती मृत्यू दोन वर्षांत दुपटीवर गेले. ट्रॉयहांड या सरकारी संस्थेने सुमारे ४० लाख कामगारांचे, पूर्वेतल्या सरकारच्या मालकीचे कारखाने ताब्यात घेतले आणि १९९४ अखेरपर्यंत ते बहुतेक विकून किंवा बंद करून टाकले. त्याच १९९४ मध्ये पूर्वेत दर स्त्रीमागे सरासरी ०.७७ मूल जन्मत होते. उद्याचा भरवसा नसलेली माणसे पाळणा लांबवतात, याला समाजशास्त्र कशाला हवे?

‘मग जुनेच बरे होते’ म्हणणाऱ्यांची री मात्र मी ओढणार नाही. पूर्वेतल्या जुन्या कम्युनिस्ट राजवटीत आत्महत्यांचे प्रमाण युरोपात वरच्या क्रमांकांत होते आणि सरकारने ते आकडे कुलपात ठेवले होते. एकीकरणानंतर ते प्रमाण घटले, हेही सांगितले पाहिजे.

माझे म्हणणे एवढेच, की आरोग्य पैशाने सुधारले आणि आपलेपणा बरोबरीच्या वागणुकीअभावी अडला. पूर्वेतले पॉलिक्लिनिक घ्या. एकाच इमारतीत निरनिराळ्या विषयांचे पगारी डॉक्टर, क्ष-किरण, प्रयोगशाळा. रुग्णाला गावभर हिंडायला नको. १९९० नंतर पश्चिमेचा कायदा लागू झाला आणि बहुतेक पॉलिक्लिनिके मोडीत निघाली. आयुष्यभर पगारावर राहिलेल्या डॉक्टरांना कर्ज काढून खासगी दवाखाने थाटावे लागले. २००४ मध्ये नव्या कायद्याने एकाच छपराखाली पगारी डॉक्टर नेमणाऱ्या केंद्रांना देशभर परवानगी दिली. तीच परवानगी १९९० मध्ये मिळाली असती, तर पूर्वेकडच्या माणसाला आपणही या घरात काही घेऊन आलो, असे म्हणता आले असते.