दोन बोल्टांना अख्खा दिवस का लागतो?

'एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट बदलले' हे काम जॉब कार्डावर एका ओळीत मावते. बोल्ट शाबूत सुटले तर तेवढी ओळ पुरेशी आहे. पण दहा-बारा वर्षे पळालेल्या टपाल व्हॅनचे ते सहसा शाबूत सुटत नाहीत, आणि मग त्याच ओळीवर बोट ठेवून कारागिराला विचारले जाते, "दोन बोल्टांना अख्खा दिवस?" याचा जाब फिटरने एकट्याने द्यावा, हे आम्हाला मान्य नाही.

मॅनिफोल्ड बहुधा बिडाचा असतो. हेडमध्ये पाणी खेळत असल्याने ते शंभर अंशांच्या आसपास राहते. मॅनिफोल्ड मात्र त्याच्या कितीतरी पट तापतो. अर्धा मीटर लांबीचे बीड 500 अंशांनी तापले की जवळजवळ 3 मिलिमीटर वाढते. मधल्या बोल्टांना ते फारसे जाणवत नाही, टोकाचे बोल्ट दर फेरीला आडवे रेटले जातात आणि तेच आधी तुटतात. रूळ उन्हात वाढतो, हे रेल्वेच्या बांधवांना आम्ही काय सांगावे!

सकाळी गाडी सुरू करताच टकटक, इंजिन तापल्यावर बंद, अशी तक्रार ड्रायव्हरने लिहिली तर ती बाजूला सारू नये. त्या फटीतून निसटणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. केबिनमध्ये शिरला तर डोके दुखते, गुंगी येते, जीवही जातो.

आता काम पाहा. तुकडा हेडच्या बाहेर डोकावत असेल तर तेल सोडून रात्रभर ठेवायचे, मग ते पुसून त्यावर नट वेल्ड करायचा. वेल्डिंगच्या उष्णतेने गंज सैल होतो आणि पाना लावून तुकडा फिरतो. तुकडा आत गेला असेल तर खरी कसोटी. बरोबर मध्यावर पंच मारायचा, डाव्या फिरकीचा ड्रिल लावायचा. ड्रिल जरा सरकला की हेडचे आटे गेले. घाईने इझी-आउट पिळला आणि तो आतच मोडला, तर त्या कडक पोलादात साधा ड्रिल शिरत नाही. हेड उतरवण्याची पाळी येते. हे सारे बहुधा वाकून, हाताला जेमतेम जागा असताना. शेवटी मॅनिफोल्डचा तळ पट्टी लावून तपासायचा. तो वाकडा असेल आणि तसाच बसवला, तर नवे बोल्टही तुटणारच.

हे काम बाहेरच्या गॅरेजला दिले की स्वस्त पडते म्हणतात. तेथे उरलेले बोल्ट आवळून फटीत पेस्ट भरून दिली, तर बिल लहान येईलच. ती गाडी परत आपल्याच शेडमध्ये येते, त्याचा हिशेब कोण ठेवतो? 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरील सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले, तेव्हा जुन्या गाड्यांचा प्रश्न संपला असेही ऐकू येते. बोल्ट पंधराव्या वर्षाची वाट पाहत नाही.

मेल मोटर सर्व्हिसमध्ये मेकॅनिक, वेल्डर, लोहार, टायरमन ही कुशल कारागिरांची पदे उगाच नाहीत. जेथे वेल्डर निवृत्त झाला आणि जागा रिकामी राहिली, तेथे नट वेल्ड कोण करणार? मेकॅनिकच्या हातात ड्रिल तेवढा उरतो, आणि हेड बिघडले की मेमो त्याच्याच नावे.

आमची मागणी साधी आहे. 'बोल्ट बदलणे' आणि 'तुटलेला बोल्ट काढणे' ही दोन कामे जॉब कार्डावर वेगळी लिहावीत, दुसऱ्याचे तास वेगळे धरावेत. डाव्या फिरकीचे ड्रिल, टॅप आणि टॉर्क पाना स्टोअरमधून मिळावेत. शाखांनी गेल्या वर्षभरातली मॅनिफोल्डची जॉब कार्डे काढून प्रत्यक्ष लागलेले तास लिहून ठेवावेत, आणि पुढच्या बैठकीला ते कागद घेऊनच जावे.