दर्जा म्हणजे काय रे भाऊ?

तर मंडळी, गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर (पुणं, आणखी कुठलं?) नेहमीचा विषय निघाला. पोरं चौथीत आहेत, पाचवीपासून कुठली शाळा? फीचा आकडा लाखाच्या वर. एकजण चुकून बोलून गेला, "कोपऱ्यावर मनपाची शाळा आहे की!" क्षणभर शांतता. मग तासभर त्या शाळेच्या 'दर्जा'वर परिसंवाद. शिक्षक शिकवत नाहीत, पोरं शिव्या देतात, वगैरे वगैरे.

शेवटी मी विचारलं, "आत कोण कोण जाऊन आलंय?"

कोणीच नाही. मीसुद्धा नाही.

आपण बहुतेक सगळे सॉफ्टवेअरवाले. लॉग न बघता 'सिस्टीम बेकार आहे' म्हणणाऱ्या ज्युनियरला आपण काय सुनावतो? इथे तर लॉग उघडे आहेत. यूडायस प्लसवर शाळा शोधा, पट आणि शिक्षकसंख्या दिसते. मोजपट्टीही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक हवा. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना निदान एकेक. माझ्या लेकीच्या वर्गात ४८ मुलं आहेत. हे मला चार वर्षं फी भरल्यावर, मुद्दाम विचारलं तेव्हा कळलं!

खरं सांगू? आपण 'दर्जा' म्हणतो तेव्हा आपल्याला 'संगत' म्हणायचं असतं. आपली पोरगी कोणाशेजारी बसणार, हा खरा प्रश्न. मग तसं म्हणा ना. उगाच शिक्षकांना कशाला बदनाम करायचं?

दोनच दिवसांनी आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, उद्या उशिरा येईन. शाळेत मीटिंग आहे. मी समितीवर आहे." सातवीच्या गणिताच्या बाई निवडणुकीच्या कामाला गेल्यात, तोवर तास कोण घेणार, हे विचारायचं होतं त्यांना. (कायदा त्या कामाला मुभा देतो, पण रिकाम्या तासाचं उत्तर कोणीतरी मागायलाच हवं.) त्याच कायद्याने मनपाच्या शाळेत व्यवस्थापन समिती सक्तीची केलीय, आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक हवेत. विनाअनुदानित खाजगी शाळेला ही सक्ती नाही. म्हणजे लाखभर मोजून मी नुसता गिऱ्हाईक, आणि मावशी व्यवस्थापनात!

आता तुम्ही म्हणाल, "स्वतःच्या पोरीवर प्रयोग करणार का?" रास्त प्रश्न आहे. सगळ्या मनपा शाळा चांगल्या आहेत असा माझा दावा अजिबात नाही. काही वाईट असतीलच. पण ज्यांना मेल लिहिता येतो, माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो, नगरसेवकाला अडवता येतं, ते सगळे पालक एकदम निघून गेले तर शाळा सुधारणार कशी? मावशींनी एकटीने, अर्ध्या दिवसाची खाडी करून?

त्यांचे पैसे मी कापले नाहीत. त्यात कौतुक काही नाही, लाजच जास्त वाटली.

असो. येत्या शनिवारी सकाळी मुख्याध्यापकांना विचारून मी ती शाळा बघायला जाणार आहे. लेकीला घेऊन. प्रवेश घेईनच असं नाही, पण नाही म्हणायचं तर बघून म्हणेन. कट्ट्यावरचं कोणी येणार असेल तर साडेसातला गेटपाशी भेटा.