मेनूकार्डावर कुणाची चूल?

उपयोजित कलेच्या किंवा ग्राफिक डिझाइनच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला एक प्रकल्प बहुतेक ठिकाणी येतोच : एका काल्पनिक रेस्टॉरंटचे ब्रँडिंग करा. नाव शोधा, लोगो काढा, दारावरची पाटी, मेनूकार्ड, पार्सलची पिशवी, वेटरचा अ‍ॅप्रन असे सगळे एका सुरात बसवा. आपल्या वस्त्यांमधली बरीच मुले-मुली आता या शिक्षणाकडे वळली आहेत. त्यांचे पोर्टफोलिओ माझ्याकडे येतात, कारण जयंतीची आणि मोर्चाची पोस्टर्स करून घ्यायला आम्ही कार्यकर्ते त्यांच्याच मागे लागतो.

या पोर्टफोलिओंतली रेस्टॉरंटे पाहून अस्वस्थ व्हायला होते. नावे असतात वाडा, थाट, पंगत, सरदार, पेशवाई अशी. चित्रांत महिरप, नथ, पगडी, समई, पितळी ताट, पैठणीचा काठ. काम बहुतेक वेळा चांगले असते. अक्षरांकन नेटके, रंग तोलून लावलेले. पण ज्या वाड्याच्या मागच्या दाराशी आपल्या आजीने भाकरीचा तुकडा मागितला, त्याच वाड्याची महिरप नात आपल्या लोगोत रेखीव काढते आहे आणि परीक्षक तिला 'छान, अस्सल मराठी' म्हणत आहेत. त्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. 'मराठी जेवण' असे म्हटल्यावर डोळ्यासमोर काय यावे, हे तिच्या आधीच कुणीतरी ठरवून ठेवले आहे. ते ठरवण्याच्या धंद्यालाच ब्रँडिंग म्हणतात.

'घरगुती चव' हे दोन शब्द घ्या. कुणाचे घर? ही अक्षरे वाचली की तुळशीवृंदावनाचे अंगण दिसते. पत्र्याचे घर, बाहेर मांडलेली चूल, पाट्यावर वाटलेला ठेचा, हे घर दिसत नाही. 'सात्विक' हा शब्द तर आणखी पुढचा. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराची सात्त्विक, राजस, तामस अशी वर्गवारी आहे आणि शिळे, उष्टे अन्न तामस लोकांना प्रिय असते असे तिथे म्हटले आहे. ज्यांना शतकानुशतके शिळे आणि उष्टेच मिळेल अशी व्यवस्था केली, त्यांच्याच स्वभावात तमोगुण शोधायचा! हा शब्द आज थाळीच्या जाहिरातीत हिरव्या पानाच्या चित्राशेजारी बसतो आणि डिझाइन शिकणाऱ्या आपल्या पोराला तो फक्त 'हेल्दी'चा मराठी प्रतिशब्द वाटतो.

जाता जाता वारलीबद्दल. हॉटेलांच्या भिंतींवर तारपा नाचाची पांढरी माणसे इतकी झाली आहेत की ती आता वॉलपेपरसारखी दिसतात. त्याच हॉटेलांच्या मेनूकार्डात आदिवासींच्या ताटातला एकही पदार्थ नसतो. त्यांचे चित्र चालते, जेवण चालत नाही.

कुणी म्हणेल, एका पाटीने काय होते? पाटीने काय होते हे आपल्या देशाला चांगले ठाऊक आहे. १९५७ साली मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात एका उपाहारगृहाच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' हा शब्द काढावा म्हणून पेरियारांच्या कार्यकर्त्यांनी दारापुढे निदर्शने सुरू केली. रोज माणसे जात, अटक होत, दुसऱ्या दिवशी दुसरी जात. महिनोन्‌महिने हे चालले आणि शेवटी तो शब्द उतरला. एका शब्दासाठी एवढे, कारण तो शब्द गिऱ्हाइकाला सांगत होता की इथले अन्न कुणाच्या हाताने शिवलेले नाही.

संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम उघडून बघा. जातीच्या कारणावरून कुणालाही अडवता येणार नाही अशी ठिकाणे तिथे सांगितली आहेत. त्यात आधी दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले येतात आणि विहिरी, तलाव, स्नानघाट त्यानंतर. चवदार तळ्याचा सत्याग्रह केलेले बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्यामुळे हा क्रम मला नेहमी विचारात पाडतो. १९५५ च्या कायद्याने तर उपाहारगृहात ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. वेगळ्या कपबशीची गोष्ट कायद्यात लिहावी लागली, इतकी ती रोजची होती.

कपबशी गेली, पण वेगळे ठेवण्याची हौस गेली नाही. ती आता डिझाइनमधून येते. जुलै २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या एका वसतिगृहाच्या कँटीनमध्ये 'इथे फक्त शाकाहारी' अशा अर्थाची पोस्टर्स लागली. पुढे मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले ठरली आणि त्या टेबलावर निषेध म्हणून मांसाहार केल्याबद्दल एका विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. देशातले एक नामवंत डिझाइन स्कूल याच आवारात आहे, हेही लक्षात असू द्या. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने 'शुद्ध शाकाहारी' डिलिव्हरीसाठी वेगळी माणसे आणि त्यांना हिरवा गणवेश जाहीर केला. एका दिवसात हिरवा रंग मागे घ्यावा लागला, कारण लाल शर्टातल्या पोराला मांसाहारवाला समजून सोसायटीच्या दाराशीच अडवले जाईल, हे कंपनीच्याच लक्षात आले. बघा, इथे कुणी कुणाची जात विचारली नव्हती. फक्त शर्टाचा रंग निवडला होता. रंग निवडणे हे तर डिझायनरचे काम!

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. मराठवाड्यातून येऊन मुंबईत शिकणाऱ्या आपल्या एका मुलीने रेस्टॉरंटच्या प्रकल्पासाठी स्वतःच्या आजीची चूल घेतली. मेनूत ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा, वजडी आणि चान्या. लोगोत तीन दगडांच्या चुलीपासून बनवलेले अक्षर. मेनूकार्डाचा कागद तिने धुराने काळवंडलेल्या भिंतीच्या रंगाचा घेतला. परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला : याचा टार्गेट ऑडियन्स कोण? दुसरा : चान्या काढता येईल का? तिसरा प्रश्न नव्हता, सल्ला होता. जेवणाच्या जागी राजकारण नको, विषय जड होतो. त्याच दिवशी, त्याच भिंतीवर, पेशवाई थाटाचे एक रेस्टॉरंट लागले होते. त्यात राजकारण कुणाला दिसले नाही. कॉलेजचे नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कॉलेजात वेगळे घडले असते याची मला खात्री नाही.

तिने आता दोन पोर्टफोलिओ केले आहेत. नोकरीसाठीच्या पोर्टफोलिओत तो प्रकल्प नाही. फी भरायला घरी कर्ज काढलेले आहे, तिला नोकरी लागलीच पाहिजे, आणि यावरून तिला कुणी क्रांतीचे धडे देऊ नयेत. पण 'टार्गेट ऑडियन्स कोण' या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. मुंबई-पुण्यात शिकायला, नोकरीला आलेली, महिन्याच्या पगारातून बाहेर जेवणारी आपली तरुण पिढी हे त्याचे उत्तर आहे. तिला आपल्या आजीच्या हातचे जेवण शहरात पैसे देऊनही मिळत नाही. धंद्याच्या भाषेत याला बाजारपेठ म्हणतात. परीक्षकांना ती दिसली नाही, कारण जेवायला आलेल्या गिऱ्हाइकाचा चेहराही त्यांच्या डोक्यात आधीच ठरलेला होता.

याहून अवघड आक्षेप आपल्या घरातूनच येतो आणि तो टाळून चालणार नाही. आपले ज्येष्ठ म्हणतात : १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे मागणे सोडा असे बजावले. आमच्या बापजाद्यांनी ते शब्द पाळले, त्यासाठी उपाशी राहिले. आणि तुम्ही तेच पदार्थ छापील मेनूकार्डावर मांडून विकणार? श्रीमंतांच्या पोरांना आपल्या गरिबीची चव देणार?

या बोलण्यात वेदना आहे आणि निम्मे खरेही आहे. भुकेची जत्रा करू नये. मातीच्या थाळीत चार वजडीचे तुकडे मांडून 'दलित टेस्टिंग मेनू' म्हणून हजारो रुपयांना विकणारा कुणी उद्या निघाला, तर त्याच्या दारापुढे मीही उभा राहीन. पण बाबासाहेबांनी नेमके काय सोडायला लावले ते नीट वाचू या. त्यांनी लाचारी सोडायला लावली. गावाचे मेलेले ढोर ओढायचे, त्या बदल्यात त्याचे मांस घ्यायचे, दारोदार शिळे मागायचे, ही जी गावगाड्याने लादलेली मजुरी होती ती सोडायला लावली. स्वतःच्या पैशाने बाजारातून आणलेले मटण, म्हशीचे मांस, ज्वारीची भाकर, अंबाडी यांची लाज बाळगा असे त्यांनी सांगितलेले नाही. १९४८ च्या 'अनटचेबल्स' या ग्रंथात तर गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहासाच्या अंगाने मांडून त्यांनी हा विषय लाजेच्या कोपऱ्यातून काढून अभ्यासाच्या टेबलावर ठेवला. २०१५ च्या महाराष्ट्रातल्या कायद्याने बैलाचे मांस बंद झाले, म्हशीचे झालेले नाही. म्हणजे ती चान्याची ओळ मेनूकार्डावर कायद्यानेही बसते.

आणि हे काम कुणीच केलेले नाही असे नाही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले. 'पूर्णब्रह्म' म्हणत जेवायला बसणाऱ्यांना त्या नावातच उत्तर आहे. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची त्यात नोंद आहे : कोणता भाग कसा शिजवायचा, तेल नसताना काय करायचे. २०२४ मध्ये ते इंग्रजीत आले आणि मग इंग्रजी वर्तमानपत्रांना मराठवाड्याची चूल दिसली! पुण्याच्या कलाकार राज्यश्री गुडी यांनी दलित साहित्यातल्या अन्नाच्या प्रसंगांवरून पाककृती रचल्या. सिद्धेश गौतम 'बेकरी प्रसाद' या नावाने आंबेडकरी चित्रभाषा घडवत आहेत. रेस्टॉरंटचा प्रकल्प हातात आला की मूडबोर्डसाठी आधी इथे जा. वाड्याची महिरप इंटरनेटवर केव्हाही सापडते.

नाव लपवावे की लावावे, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षे जुना आहे. कोल्हापुरात राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून मारहाण झाली. पुढे शाहू महाराजांच्या मदतीने त्यांनी चहाचे हॉटेल काढले. नाव 'सत्यसुधारक'. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण अस्पृश्याचे म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजू लागले. ब्रँडिंग शिकवणाऱ्यांनी हा किस्सा वर्गात सांगायला हवा. कांबळे यांनी जात झाकून धंदा केला नाही. नावात सत्यशोधकी वळण ठेवले आणि गिऱ्हाइकाला त्या नावापर्यंत यायला लावले. अर्थात त्यांच्या पाठीशी राजा होता. आज टपरी टाकणाऱ्या आपल्या माणसामागे कोण आहे? म्हणून पाटीवर आडनाव न लावणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. पण त्याच्या पाठीशी चळवळ उभी राहिली पाहिजे, आणि चळवळीत आता डिझायनर आहेत.

तेव्हा डिझायनर मित्र-मैत्रिणींनो, काही कामाच्या गोष्टी. सगळे निळे करून टाकले म्हणजे आंबेडकरी ब्रँडिंग झाले असे नाही. निळा आपला झेंडा आहे, तो रश्श्याच्या वाटीला चिकटवायची गरज नाही. बाबासाहेबांचे चित्र पेपर नॅपकिनवर आणि पार्सलच्या पिशवीवर छापू नका, त्याचे पुढे काय होते ते कचराकुंडीत जाऊन बघा. पदार्थाचे नाव घरात जे आहे तेच लिहा. वजडीला 'रस्टिक ऑफल करी' केले की दाम वाढतो आणि आजी पुसली जाते. म्हशीचे मांस असेल तर म्हशीचेच लिहा, खाणाऱ्याला आणि न खाणाऱ्याला दोघांनाही ते कळायला हवे. आणि आम्हा कार्यकर्त्यांकडून पैसे मागा. समाजाचे काम म्हणून फुकट पोस्टर करून घ्यायची आमची सवय तुम्हीच मोडा.

काल्पनिक रेस्टॉरंट शोधायचीही गरज नाही. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या परिसरात, दीक्षाभूमीवर आपल्या बायाबापड्या खाण्याचे गाडे लावतात, बचत गट भाकरी-पिठले विकतात. पाटी म्हणून कुठल्यातरी शीतपेयाचा फुकट मिळालेला फ्लेक्स. तिथे जा, एक गाडा निवडा, आधी जेवा, मग मालकिणीशी बोला. पाटी लांबून, गर्दीतून, रात्रीच्या बल्बखाली वाचता आली पाहिजे, एवढी अट स्वतःला घाला. तिचे नाव आणि आडनाव पाटीवर किती मोठे घ्यायचे, घ्यायचे की नाही, हे मात्र तिला विचारून ठरवा.