गोचीड सापडली, पण ओळखली का?

2017 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एका मेंढीच्या अंगावर शेकड्यांनी गोचिडी आढळल्या. नेहमीच्या जातींशी त्यांचं रूप जुळेना. डीएनए तपासल्यावर कळलं, की ही चीन, जपान, कोरियाकडची ‘लांबशिंगी’ आशियाई गोचीड. तिची मादी नराशिवायही अंडी घालते. म्हणजे एकटी आत शिरली तरी वंश वाढायला पुरेशी. आयात जनावरांच्या तपासणीत ही जात तिथे पूर्वी अनेकदा सापडली होती आणि दारातच अडवली गेली होती. मग जुने नमुने बाहेर काढले गेले, तेव्हा वेस्ट व्हर्जिनियातल्या एका हरणावरून 2010 मध्ये काढलेली गोचीडही हीच निघाली. सात वर्षं ती देशात होती. एवढंच नाही, तर तिचा नमुनाही जपून ठेवलेला होता. फक्त तिला कुणी ओळखलं नव्हतं.

आज ही गोचीड अमेरिकेत अनेक राज्यांत पसरली आहे. तिच्यामुळे होणाऱ्या थायलेरिया रोगाने गुरं दगावतात. पूर्व आशियात तर ती माणसांत जीवघेणा विषाणूजन्य ताप पसरवते. गोचीड चावून माणूस मरतो, हे सिंधुदुर्गातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. माकडताप त्यांनी जवळून पाहिला आहे.

बंदरावरची तपासणी म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे स्कॅनर आणि शिक्के येतात. पण गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याहून लहान असतं. त्याचे भाऊबंद असलेले सूक्ष्म कोळी तर साध्या डोळ्यांना दिसतही नाहीत. नारळावरचा कोळी जेमतेम पाव मिलिमीटरचा, आणि राहतो कुठे, तर देठाजवळच्या टोपीखाली. मेक्सिकोतल्या नमुन्यांवरून 1965 मध्ये नोंदवलेली ही कीड 1998 मध्ये केरळात आढळली आणि पुढे कोकणातही पोहोचली. खरवडल्यासारखी तपकिरी साल आणि आक्रसलेला नारळ बागायतदाराला दिसतो, तोवर टोपीखाली हजारोंची वस्ती झालेली असते. वरवर पाहून पोतं पुढे ढकललं, तर असा पाहुणा सापडायचा कसा?

कायदा आपल्याकडे आहे. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात मालासोबत आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि काही रोपं देशात आल्यावरही वेगळी ठेवून पाहावी लागतात. हा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण लपलेली कीड वेळ दिला तरच बाहेर येते. पण पाहणारा माणूस जाणकार हवा. गोचिडी आणि कोळी यांच्या जाती ओळखण्याचं शास्त्र शिकायला फारसं कुणी तयार नसतं. त्यात ना नाव, ना पैसा. नव्या यंत्राचं उद्घाटन होतं. सूक्ष्मदर्शकापुढे वीस वर्षं बसलेल्या तज्ज्ञाच्या निवृत्तीनंतर त्याची खुर्ची कोण घेणार, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. खर्च करायचाच, तर आधी त्या खुर्चीवर करावा. सोबत गावच्या पशुवैद्यकाला वेगळी दिसलेली गोचीड कुपीत घालून कुठे पाठवायची, याचा एक पक्का पत्ता द्यावा.

आणि परदेशातून येताना कपड्यांच्या घडीत दडवून आणलेली फुलझाडाची काडी? ती तर तपासणीच्या टेबलापर्यंत येतच नाही.